उत्तर येईपर्यंत

अहमदनगर,
२६ एप्रिल १९७६

चि. श्रीरंग,

तुला आशीर्वाद, चि. सौ. अलकाला सलाम.

ईस्टर होऊन आठ दिवस झाले. पोस्टमन रोज माझ्या दारावरून सायकल दामटत जातो आणि मी रोज ओट्यावर उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघते. काल तो म्हणाला, "बाई, पत्र आलं तर मी काय लपवून ठेवणार आहे का?" म्हणजे आता पोस्टमनसुद्धा मला हसायला लागला.

दरवर्षी ईस्टरनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी तुझं पत्र यायचंच. दत्तात्रयाने पहाटे कोणाला किती हाका मारून उठवलं, रामकृष्णपुरमच्या क्वार्टरांतून फेरी कशी निघाली, कोणाच्या घरात आधीच दिवा तयार होता आणि कोण उलटा बनियन घालून दारात आलं, सगळं त्यात असायचं. मी ते रविवारच्या शाळेत मुलांना वाचून दाखवते. मुलं उलट्या बनियनला फार हसतात. आपली ही नगरची फेरी तुम्ही दोघांनी दिल्लीला नेलीत. दारात उभं राहून "प्रभू उठला आहे" म्हणायचं, आणि आतून "खरोखर उठला आहे" असं उत्तर येऊन उंबऱ्यावर दिवा ठेवला जाईपर्यंत पुढच्या घराकडे हलायचं नाही. हा नियम तिथे त्या सरकारी वस्तीत पाळला जातो, हे सांगताना माझी छाती फुगते.

तुम्हा दोघांना मी एकाच बाकावर बसवून अक्षर शिकवलं. तुझं मोत्यासारखं झालं. दत्तात्रयाचं काही सुधारलं नाही, म्हणून देवाने त्याच्या हातात डफ दिला असावा. त्याचा डफ यंदा कसा वाजला ते लिही. अलका गेली होती का फेरीत? लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी 'गुड' फ्रायडे म्हणजे काहीतरी गोड सण असणार असं समजून तिने साजूक तुपातला शिरा करून उपाशी मंडळींत वाटला होता, ते मला अजून आठवतं. एकानेही नाही म्हटलं नाही, हे विशेष.

लवकर लिही. रुसले आहे.

तुझी चंद्रप्रभाआत्या

*

नवी दिल्ली,
९ मे १९७६

ती. आत्या,

सप्रेम सलाम. रुसू नकोस. यंदा फेरी निघाली नाही. सध्याच्या परिस्थितीत पहाटेच्या वेळी वीस-पंचवीस माणसांनी एकत्र फिरणं बरं दिसत नाही, असं मंडळीत ठरलं. दत्तात्रय बाहेरगावी आहे. त्याच्याशिवाय फेरी तरी कसली?

एक चांगली बातमी. मला मागच्या महिन्यात बढती मिळाली. आता मी सेक्शन ऑफिसर झालो. खोलीत माझं स्वतंत्र टेबल आहे, त्यावर काच आहे. अलका मजेत आहे. शिवणाच्या क्लासला जाऊ लागली आहे.

इथे ऊन सुरू झालं. कूलरमध्ये नवीन खस घातली.

आणखी एक. पत्र इनलँडवरच लिहीत जा, पोस्टकार्डावर नको. आणि इकडच्या माणसांबद्दल फार काही विचारत बसू नकोस. तब्येतीला जप. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा
श्रीरंग

*

अहमदनगर,
२० जून १९७६

चि. श्रीरंग,

बढतीबद्दल पाठीवर थाप. टेबलावरच्या काचेखाली माझा फोटो ठेवू नकोस, साहेब घाबरेल.

पण आता खरं बोलू. तुझं पत्र वाचून मला वाटलं, तुमचं दोघांचं भांडण झालं. म्हणून मी दत्तात्रयाला चांगलं खरमरीत लिहिलं, की मूर्खा, कुठे बाहेरगावी उंडारतोस? त्याला उत्तर सुनंदाचं आलं. तिचा नवरा एकोणीस जानेवारीपासून तुरुंगात आहे. खटला नाही, तारीख नाही. श्रीरंग, असलं बाहेरगाव मला ठाऊक नव्हतं.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग लक्षात आलं, म्हातारीला त्रास नको म्हणून तू लपवलंस. तुझा स्वभावच तसा. सुनंदाने पुढे एक ओळ लिहिली आहे: "श्रीरंगभाऊजींच्या घरून दर शनिवारी डबा येतो, म्हणून शनिवारची मी वाट बघते." ते वाचून मी रडले. इतक्या भीतीच्या दिवसांत तू तिच्या दाराशी जातोस आणि मला एका शब्दाने सांगत नाहीस! तुझा बाप असता तर त्याने आज सगळ्या गल्लीत पेढे वाटले असते.

तू सांगितलंस तरी मी गप्प बसणार नाही. त्याला भेटता येतं का, ते कळव.

तुझी आत्या

*

नवी दिल्ली,
१४ ऑगस्ट १९७६

ती. आत्याबाईंस,

अलकाचा नमस्कार. कँटोन्मेंटमधल्या हौसाबाई नगरवरून पाथर्डीला माहेरी चालल्यात, हे पत्र त्यांच्या हाती देते आहे. ते पोस्टात टाकायचं मला धाडस होत नाही. आणि हे मी लिहिलं असं ह्यांना कळता कामा नये.

तुमचं जूनचं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच थांबले. घडी करून खिशात घातलं. त्या रात्री जेवले नाहीत. मी नंतर धोब्याला कपडे देताना ते वाचलं. आत्याबाई, सुनंदाताईंकडे डबा मी नेते. शिवणाचा क्लास वगैरे काही नाही. शनिवारी दुपारी ह्यांना सांगते क्लासला चालले, आणि दोन बस बदलून तिकडे जाते. हे एकदाही गेलेले नाहीत. मलाही जानेवारीतच बजावलं होतं, त्या घराकडे फिरकायचं नाही.

सुनंदाताई मला काही विचारत नाहीत. डबा घेतात, मागचा डबा धुऊन देतात. मी त्यांना सांगितलं, ह्यांनीच पाठवलाय. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, बरं.

ह्यांचं काय झालंय ते मला कळत नाही. दत्तात्रयभाऊजी जिथून चढायचे तो बसस्टॉप यांनी सोडला, आता एक स्टॉप मागे चालत जातात. उपासनेला येत नाहीत. नाताळात भाऊजी त्यांचा डफ आमच्याकडे विसरून गेले होते, तो यांनी चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलाय. एकदा पंख्याचा डबा काढताना चादर सरकली तर असे दचकले, की मला स्टूल घट्ट धरावं लागलं. मला वाटतं, ऑफिसात यांच्याकडून काहीतरी लिहून घेतलंय. विचारलं तर म्हणतात, तुला काय करायचंय?

मी जन्माने तुमच्यातली नाही. तुमच्याकडे अशा वेळी माणसाशी काय बोलतात, ते मला माहीत नाही. तुम्ही सांगा.

तुमची
अलका

*

अहमदनगर,
५ सप्टेंबर १९७६

चि. श्रीरंग,

इकडे पाऊस बरा आहे. काल ट्रंक आवरताना जुन्या नाटकाचं सामान सापडलं, म्हणून लिहायला बसले.

तुला आठवतं? तू आठ वर्षांचा होतास. प्रभूला धरून नेल्यावर शेकोटीशी बसून तीनदा "मी त्या माणसाला ओळखत नाही" असं म्हणणाऱ्या शिष्याचं काम दत्तात्रयाला दिलं होतं आणि तुला पडद्यामागचा कोंबडा केलं होतं. त्याच्या तिसऱ्या नकारानंतर एकदाच आरवायचं होतं. तू उत्साहाच्या भरात चार वेळा आरवलास. सगळी मंडळी हसली, फादरसुद्धा हसले. दत्तात्रय मात्र खरोखर रडत होता. कामात रंगला होता पोरगा.

तुझा तो लाल कागदाचा तुरा अजून ट्रंकेत आहे. टाकवत नाही.

दुसरं काही विचारत नाही. तुला लिहावंसं वाटेल तेव्हा लिही. मी ओट्यावरच आहे.

आत्या

*

नवी दिल्ली,
२६ मार्च १९७७

ती. आत्या,

तुझ्या कोंबड्याच्या पत्राला साडेसहा महिने उत्तर दिलं नाही. तुला सगळं कळलं आहे, हे मला पहिल्या परिच्छेदातच कळलं होतं. कोणी सांगितलं ते विचारत नाही. आता आणीबाणी उठली, पत्रं कोणी फोडत नाही, म्हणून लिहितो आहे. हेही काही शौर्य नाही.

गेल्या वर्षी एकोणीस जानेवारीला सकाळी दत्ताच्या ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये एक सरकारविरोधी चक्रमुद्रित पत्रक सापडलं. त्याला शेजारच्या खोलीत बसवलं. मला साहेबांच्या खोलीत बोलावलं. बाहेरून आलेला एक माणूस खुर्चीत बसला होता. तो म्हणाला, "एक ही शहर के हो, एक ही चर्च के हो. दोस्त होंगे?" आवाज अगदी साधा होता, चहा घेणार का विचारावं तसा. मधलं दार अर्धवट उघडं होतं. मी म्हणालो, "नहीं साहब, बस ऑफिस की जान-पहचान है." त्याने कागद पुढे सरकवला. मी लिहिलं: श्री. दत्तात्रय साळवे यांच्याशी माझा कार्यालयीन कामापलीकडे कोणताही परिचय नाही. तू घोटून घेतलेल्या त्याच अक्षरात लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली.

घाबरलो होतो. नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, मलाही नेतील. हे सगळं खरं आहे, पण ते लिहून मला काही सुटका मिळवायची नाही. तीन महिन्यांनी बढती मिळाली. ती त्या कागदाचीच किंमत होती की नाही ते मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आणखी एक सांगतो, ते मला जास्त लागतं. सुनंदावहिनीने तुला खोटं लिहिलं. माझ्या घरून तिच्याकडे एकही डबा गेलेला नाही. तिने माझी लाज तुझ्यापाशी का राखली? तुझं ते पत्र मी दहा वेळा वाचलं आणि दर वेळी मला आरशात बघवेना.

दत्ता सुटला. मंगळवारी मी त्याला रस्त्याच्या पलीकडून बघितलं. दाढी पांढरी झाली आहे. मदर डेअरीच्या बूथवर रांगेत डोलची घेऊन उभा होता. मी झाडामागे गेलो. आत्या, मी चाळीस वर्षांचा माणूस, झाडामागे लपलो.

त्याने अर्धवट दारातून माझं बोलणं ऐकलं का, तो कागद त्याला कोणी दाखवला का, मला काही माहीत नाही. मंडळीने दहा एप्रिलच्या ईस्टरला पुन्हा फेरी काढायचं ठरवलं आहे. पुढे दत्ताच असणार. घरांची यादी उपासनेनंतर वाचली म्हणे, तिच्यात आमचं घर शेवटचं आहे. मी त्या सुट्टीत अलकाला घेऊन ग्वाल्हेरला तिच्या माहेरी जायचं ठरवतो आहे. तिकिटं बघतो.

तू काय म्हणशील ते कळव. म्हणजे, कळवलंस तर.

श्रीरंग

*

अहमदनगर,
३१ मार्च १९७७

श्रीरंग,

तुझं पत्र आत्ता आलं. उभ्यानेच वाचलं, उभ्यानेच लिहिते आहे, नाहीतर माझा राग निवेल.

मला तुझी लाज वाटली. हे आधी लिहून टाकते, कारण ते मनात ठेवून गोड लिहिणं मला जमणार नाही. माझ्या हाताखालचं अक्षर त्या कामाला वापरलंस. चुलीत घालावीशी वाटली ती पाटी-पेन्सिल.

झालं. आता ऐक.

ग्वाल्हेरला गेलास तर फेरी तुझ्या बंद दारासमोर उभी राहील. आत माणूस नसलं तर उत्तर येत नाही, आणि उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही. मग ते काय करतील? दत्तात्रय शेवटी कुलपाला सलाम करून घरी जाईल. तू एकदा त्याला नाही म्हणालास, आता पुन्हा म्हणशील, तेही सासुरवाडीला बसून.

दार उघड. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. क्षमा कर म्हणालास तर तो करेलच, असंही सांगत नाही. चौदा महिने त्याचे गेले आहेत, माझे नाहीत. तो तुझ्या थोबाडीत मारेल कदाचित. मार खा. मी असते तर मारली असती.

यादीत तुझं घर शेवटचं आहे म्हणून तुला भीती वाटते. मला वेगळंच वाटतं. ती यादी दत्तात्रयाने केली असणार. ज्याच्याकडे जायचं नाही त्याचं नाव कोणी यादीत घालत नाही. त्याने शेवटी का घातलं, ते मात्र देव जाणे. मलाही धाकधूक आहे.

माझे गुडघे चांगले असते तर आज रात्रीच्या गाडीत बसले असते.

आत्या

*

नवी दिल्ली,
१० एप्रिल १९७७, ईस्टर, दुपार

ती. आत्या,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तिकिटं तोवर काढलेली होती. तुझं पत्र वाचूनही शुक्रवारी मी बॅग भरली. अलका म्हणाली, "तुम्ही जा. दिवा ठेवायला कोणीतरी घरी हवं ना?" आणि समई घासायला बसली. मी बॅग रिकामी केली.

आज पहाटे साडेतीनपासून जागे होतो. डफ माळ्यावरून काढला. दोन क्वार्टर पलीकडे गाणं आलं तेव्हा मी दाराच्या मागे उभा राहिलो. डफ नव्हता, नुसत्या टाळ्या होत्या. पावलं फाटकात आली, थांबली. मग दत्ताचा आवाज आला, जरा घोगरा झालाय:

"प्रभू उठला आहे."

आत्या, मी कडीला हात लावला आणि परत मागे घेतला. अलका दिवा घेऊन माझ्याशेजारी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली. "मी उत्तर देणार नाही," ती हळूच म्हणाली. "मला नाही विचारलेलं."

दुसऱ्यांदा हाक आली. मग टाळ्याही थांबल्या. बाहेर कोणी खोकलं, एक लहान मूल कुरकुरलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. फटीतून उजेड यायला लागला. वरच्या मजल्यावरचे सरदारजी गॅलरीत येऊन ओरडले, "ओ श्रीरंग साब, बंदे खड़े ने बाहर!" कोणी हललं नाही. तुझा नियम, आत्या. त्या वेळी मला तुझा फार राग आला.

तिसरी हाक आली. मी कडी काढली.

समोरच दत्ता होता. त्याचा शर्ट त्याला मोठा होत होता. मागे पंचवीसएक माणसं. मी उत्तर द्यायचं सोडून भलतंच बोललो. सगळ्यांसमोर म्हणालो, "दत्ता, मी लिहून दिलं होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं मला. तो माणूस म्हणाला, राइटिंग बड़ी अच्छी है. मी म्हटलं, हमारी बाई ने सिखाई है."

मी खाली बघत राहिलो.

"बाहेर आल्यावर तुला काय म्हणायचं, ते मी चौदा महिने ठरवत होतो," तो म्हणाला. "बरंच ठरवलंय. त्यातलं निम्मं या मंडळींसमोर म्हणता येणार नाही. म्हणून तुझं घर शेवटी घातलं. वाटलं, तोवर राग चालून चालून दमेल. दमला नाही पण." मग त्याने हात पुढे केला. हसला नाही. "परिचय नाही ना आपला? मी दत्तात्रय साळवे. नगरचा."

मी त्याचा हात धरला. म्हणालो, "श्रीरंग आढाव. मीपण नगरचाच." आणि मग मला रडू आवरलं नाही. तू शिकवलेल्या त्या नाटकात तो रडला होता तसा मी रडलो, तोंड वेडंवाकडं करून, चाळीस वर्षांचा सेक्शन ऑफिसर. त्याने हात सोडला नाही.

मी डफ पुढे केला. त्याने बोटाने टिचकी मारली. धप्प असा मेलेला आवाज आला. पावसाळाभर चादरीत राहून कातडं पार सैल पडलं होतं. तो म्हणाला, "हाल केलेस की रे याचे. अंगीठी पेटव."

म्हणून मंडळी माझ्या अंगणात बसली. मी कोळसे पेटवले, हात काळे झाले, धूर डोळ्यांत गेला. अलकाने चहा टाकला, आणि काय केलं असेल? शिरा. या वेळी दिवस बरोबर होता. दत्ता डफ निखाऱ्यांवर फिरवत होता, मधूनमधून कानाशी नेऊन वाजवून बघत होता. मध्येच मान वर न करता म्हणाला, "तुझ्या घरातून उत्तर अजून आलेलं नाही. उन्हं वर आली."

मी म्हणालो, "खरोखर उठला आहे." अलकाने उंबऱ्यावर दिवा ठेवला. उन्हात तो दिसतसुद्धा नव्हता. मग डफ वाजला. वरून सरदारजींनीही टाळ्या धरल्या.

हे सगळं गोड झालं असं समजू नकोस. सुनंदावहिनी आत आली नाही. फाटकाशी कडुनिंबाखाली उभी राहिली, चहाला हात लावला नाही. माझ्याकडे तिने एकदाच बघितलं. त्या बघण्याबद्दल मला लिहिता येत नाही. निघताना ती अलकाला म्हणाली, "शनिवारी येशील तेव्हा मागचे दोन डबे घेऊन जा. धुऊन ठेवलेत."

मला कळायला वेळ लागला. सगळे गेल्यावर मी अलकाला विचारलं, "तू जात होतीस?" ती म्हणाली, "वर्षभर शिवणाच्या क्लासला गेले. एक तरी ब्लाऊज बघितलात का तुम्ही?" तिचे पाय धरावेसे वाटले. ती म्हणाली, आधी हात धुवा, कोळशाचे आहेत.

दत्ताने हात दिला, पण त्याचा राग जायला वेळ लागेल. जाताना तो डफ घेऊन गेला. पुन्हा येतो, असं म्हणाला नाही. मी वाट बघेन. उद्या सकाळी मात्र आमच्या जुन्या स्टॉपवर उभा राहणार आहे. तो कामावर परत रुजू होईपर्यंत एकटाच उभा राहीन.

आणि या शनिवारचा डबा मी नेणार आहे. अलकाला सांगितलं, तू घरी राहा. वहिनी दार उघडेल की नाही, मला माहीत नाही. नाही उघडलं तर तिथेच उभा राहीन. उत्तर येईपर्यंत हलायचं नाही, तूच शिकवलंस.

तुझा
श्रीरंग